बंद खाणींचे दप्तर : वाचकांचे प्रश्न, संपादकांची उत्तरे

बंद पडलेल्या खाणींचा इतिहास जपण्याच्या स्वयंसेवी कामाविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. काही पत्रे लांब होती. त्यांतील मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत.

माझे वडील चंद्रपूर जिल्ह्यातील एका भूमिगत कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. ते गेल्यानंतर घरातील पत्र्याच्या पेटीत कापडावर काढलेले खाणीचे चार नकाशे, काही निळ्या रंगाचे नकाशे आणि मोजणीच्या वह्या सापडल्या. ती खाण केव्हाच बंद झाली आहे. या कागदांचा आता कोणाला उपयोग आहे का, की आम्ही उगाच जागा अडवून ठेवली आहे? — एक वाचक, नागपूर

उपयोग आहे, आणि तो केवळ इतिहासाच्या अभ्यासकांना आहे असेही नाही. आपल्याकडील भूमिगत कोळसा खाणींत कोळशाच्या थरामध्ये उभ्या-आडव्या गल्ल्या खोदून मध्ये चौकोनी खांब राखण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ होती. पुढे शक्य असेल तेथे ते खांबही काढून घेतले जात आणि मागचे छत कोसळू दिले जाई. खाण बंद होऊन पंप थांबले की या गल्ल्या पाण्याने भरतात. त्यानंतर खाली खांब कोठे उभे आहेत, पोकळी कोठे आहे आणि शेवटची गल्ली नेमकी कोठवर गेली होती, हे सांगणारा नकाशाखेरीज दुसरा साक्षीदार उरत नाही.

या साक्षीदाराची किंमत काय असते हे धनबादजवळच्या चासनाला खाणीने दाखवून दिले. 27 डिसेंबर 1975 रोजी लगतच्या जुन्या कामांत, म्हणजे पूर्वी खोदून सोडलेल्या गल्ल्यांत, साचलेले पाणी त्या खाणीत घुसले आणि 375 कामगार प्राणांस मुकले. त्याच झरिया कोळसा पट्ट्यातील बागडिगी खाणीत 2 फेब्रुवारी 2001 रोजी शेजारच्या जुन्या कामातील पाणी असेच आत आले व 29 जण गेले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जुलै 2002 मध्ये क्वेक्रीक खाणीतील कामगारांनी समोरची कोळशाची भिंत फोडली, तेव्हा पलीकडे अनेक वर्षांपूर्वी बंद झालेली पाण्याने भरलेली खाण निघाली. हाताशी असलेल्या जुन्या नकाशावर ती खाण बरीच दूर दाखवलेली होती. अडकलेले नऊही जण तीन दिवसांहून अधिक काळानंतर जिवंत बाहेर आले, म्हणून ही घटना सुदैवाची म्हणून सांगितली जाते. मात्र तिचा पुढचा भाग आपल्या पेटीशी अधिक जवळचा आहे. त्या बंद खाणीचा नंतरच्या काळातला, अधिक पुढे गेलेले काम दाखवणारा नकाशा जवळच्याच विंडबर गावातील कोळसा-वारसा संग्रहालयात होता. ज्यांना त्याची गरज होती त्यांना तो तेथे आहे हे ठाऊक नव्हते.

चंद्रपूर जिल्ह्याला तर एवढे दूर पाहण्याचीही गरज नाही. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुस येथील अमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. जुन्या भूमिगत कामांवर वस्ती उभी असली की असे होऊ शकते, आणि अशा वेळी शेजारच्या घरांखाली काय आहे हा पहिला प्रश्न असतो.

आता प्रत्यक्ष जपणुकीविषयी. कापडावरचे नकाशे बहुधा ट्रेसिंग कापडावर, म्हणजे खळ देऊन गुळगुळीत केलेल्या तलम सुती कापडावर काढलेले असतील. त्या कापडाला पाणी मुळीच सोसत नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसली तरी खळ सुटते, कापड पांढरट पडते आणि शाई फुटते. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकावी. घड्या असतील तर त्या इस्त्रीने मोडण्याचा मोह टाळावा. नकाशा काही दिवस सपाट ठेवून वर हलके वजन द्यावे, आणि तो गुंडाळायचाच झाला तर रुंद नळीच्या आत न कोंबता नळीच्या बाहेरून गुंडाळावा. निळे नकाशे म्हणजे ब्लू प्रिंट. त्यांचा निळा रंग उजेडाने विटतो आणि अल्कधर्मी कागदाच्या सान्निध्यातही उडतो. त्यामुळे इतर दस्तऐवजांसाठी उत्तम म्हणून विकला जाणारा, क्षार मिसळलेला आम्लविरोधी कागद यांच्यासाठी मात्र चुकीचा ठरतो. साधा, आम्ल नसलेला आणि क्षार न मिसळलेला कागद मध्ये घालावा. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि डांबराच्या गोळ्या या तिन्ही गोष्टी दूर ठेवाव्यात. लॅमिनेशन केलेला नकाशा पुन्हा कधीच मोकळा होत नाही, आणि आमच्या पाहण्यात तरी वाळवीपेक्षा लॅमिनेशनने अधिक नकाशे वाया गेले आहेत.

छायाचित्रे काढताना नकाशाच्या कडेला मोजपट्टी ठेवावी आणि चारही कोपरे चित्रात येतील असे पाहावे. कोपऱ्यातील मजकूर क्षुल्लक वाटतो, पण तोच सर्वाधिक महत्त्वाचा असतो : प्रमाण, शेवटच्या मोजणीची तारीख, सर्व्हेअर व व्यवस्थापकाची सही, कोळशाच्या थराचे नाव आणि उत्तर दिशेचा बाण. तो बाण होकायंत्राची उत्तर दाखवतो की खरी उत्तर हेही टिपावे, कारण होकायंत्राची उत्तर काळानुसार सरकते आणि त्या फरकाने खाणीच्या टोकाला कित्येक मीटरची चूक पडू शकते. मोजणीच्या वह्या नकाशांपासून वेगळ्या करू नयेत. नकाशावरील रेघ कशी आली याचा हिशेब वहीतच असतो.

हे नकाशे नोकरीत असताना तयार झालेले असल्याने त्यांवर कंपनीचा हक्क असू शकतो, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. म्हणून छायाचित्रे काढून झाल्यावर संबंधित कंपनीच्या क्षेत्रीय सर्व्हे कार्यालयास आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नागपूर येथील कार्यालयास आपल्याकडे काय आहे त्याची यादी देऊन लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. त्यांच्याकडे तोच नकाशा आधीपासून असेल तर काहीच बिघडत नाही. नसेल, तर आपल्या वडिलांनी घरी आणलेल्या पेटीचे मोल आपण कल्पना केली त्यापेक्षा मोठे निघेल.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे इंग्लंडमध्ये डर्बीजवळ राहत होते. सुट्टीच्या दिवशी वयस्कर माणसे एका ओसाड खाणीवर ढासळलेली भिंत पुन्हा रचताना दिसत. पैसे कोणी देत नव्हते, पावसातही काम थांबत नसे. ही माणसे हे का करतात आणि त्यातून हाती काय लागले? — एक वाचक, पुणे

आपण पाहिलेली खाण बहुधा शिशाची असावी. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात शिशाचे खनन रोमन काळापासून चालत आलेले होते आणि त्या भागात जुन्या खाणकामगारांना, तसेच त्यांनी मागे ठेवलेल्या कामांनाही, तेथील बोलीत ‘टाऊड मॅन’ म्हणजे जणू ‘म्हातारबा’ असे एकच नाव आहे. नवीन खोदताना मध्येच जुना बोगदा लागला की ‘येथे म्हातारबा येऊन गेला’ असे म्हणत. गेल्या पिढ्यांना आणि त्यांच्या कामाला एकाच शब्दात धरणारी ही बोली ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडली, त्यांना त्या भिंती रचाव्याशा वाटल्या यात नवल नाही.

या भागातील खाणींचा अभ्यास करणारी हौशी लोकांची संस्था, पीक डिस्ट्रिक्ट माइन्स हिस्टॉरिकल सोसायटी, 1959 साली स्थापन झाली. शेल्डन गावाजवळील मॅगपाय ही खाण तिच्या देखरेखीखाली आहे. या खाणीची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. मॅगपाय आणि शेजारच्या रेड सॉइल या खाणींतील कामगार शिशाच्या एकाच शिरेवर, म्हणजे खडकातील धातूच्या पट्ट्यावर, हक्क सांगत होते आणि एकमेकांना हुसकावण्यासाठी जमिनीखाली आगी लावून धूर सोडत होते. 1833 मध्ये अशा धुराने रेड सॉइलचे तिघे गुदमरून मेले. मॅगपायच्या कामगारांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले; त्या तिघांच्या विधवांनी खाणीला शाप दिला अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. शाप सर्वांना पाठ असतो, खटल्याचे कागद कोणी वाचत नाही. हौशी अभ्यासकांचे खरे काम हे दुसऱ्या बाजूचे आहे : दप्तरखाने उघडणे, जुने बोगदे मोजणे, आणि शिरेचा वाद जमिनीखाली नेमका कोठे झाला असेल ते नकाशावर मांडणे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची कथा वेगळ्या वळणाची आहे. सेंट जस्टजवळची लेव्हंट ही कथील व तांब्याची खाण समुद्राच्या तळाखाली दूरवर गेलेली होती. कामगार तेथे ‘मॅन इंजिन’ नावाच्या यंत्राने चढ-उतार करीत. वर-खाली हलणाऱ्या एका लांबच लांब दांड्यावर पायऱ्या बसवलेल्या असत आणि प्रत्येक हेलकाव्याला माणूस पायरीवरून बाजूच्या फळीवर व फळीवरून पुढच्या पायरीवर पाऊल टाकीत वर येई. 20 ऑक्टोबर 1919 रोजी त्या दांड्याचा वरचा जोड तुटला आणि 31 माणसे मेली. खाण 1930 साली बंद झाली. यंत्रे भंगारात निघाली तेव्हा खाणीतून माल वर ओढणारे 1840 सालचे खेचयंत्र वाचवण्यासाठी काही लोकांनी 1935 मध्ये एक समिती स्थापन केली. आजची ट्रेव्हिथिक सोसायटी ही त्या समितीची वारस आहे. यंत्र भंगारात जाण्यापासून वाचले, पण नंतर अर्धे शतक गंजत पडले. 1984 पासून निवृत्त व नोकरदार अशा स्वयंसेवकांच्या एका टोळीने, जिला ‘ग्रीझी गँग’ म्हणजे वंगणात माखलेली मंडळी असे नाव पडले, ते उकलून, घासून, जुळवून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस पुन्हा वाफेवर चालते केले. 2006 साली कॉर्नवॉल व पश्चिम डेव्हनच्या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा दाखवण्यासारखे जे काही शिल्लक होते त्यातील पुष्कळसे अशा लोकांनी आधीच राखून ठेवलेले होते.

आमचे एक मत येथे नोंदवतो. यंत्रांवर जीव जडवणाऱ्या माणसांचे काम कौतुकाचे असले तरी इंजिन चालू करण्याइतकी चिकाटी ते चालवणाऱ्यांची नावे गोळा करण्यात क्वचितच दिसते. म्हणूनच उत्तर इंग्लंडमधील डरहॅम मायनिंग म्युझियम या स्वयंसेवकांच्या संस्थेचे काम आम्हांला अधिक मोलाचे वाटते. त्या भागातील खाणींत मेलेल्या माणसांची नावे, वय, हुद्दा, तारीख आणि अपघाताचे कारण असे एकेक करून त्यांनी जमवले आहे. मोठ्या स्फोटांतले शेकडो आणि एखाद्या मंगळवारी छताचा दगड पडून गेलेला एकटा मुलगा या दोघांची नोंद तेथे सारख्याच काटेकोरपणे होते. आपल्या आजोबा-पणजोबांचा माग काढणारे लोक त्या यादीकडेच वळतात.

एक गोष्ट मात्र तेथे स्वयंसेवकांच्या बळावर झाली नाही. बंद होणाऱ्या खाणीचा नकाशा सरकारकडे जमा केला पाहिजे, अशी सक्ती ब्रिटनमध्ये 1872 च्या कायद्यांनी आणली. त्यामुळे कोळशाच्या पट्ट्यात घर घेणारा माणूस आज आपल्या घराखाली काय आहे याचा अहवाल मागवू शकतो. त्याआधीच्या खाणींबाबत मात्र पुन्हा हौशी अभ्यासकांचाच आधार घ्यावा लागतो.

आम्ही सहा-सात मित्र ट्रेकिंग करतो. विदर्भातील बंद भूमिगत खाणींत उतरून चित्रीकरण करावे आणि तो इतिहास लोकांपुढे आणावा असा विचार आहे. कोणती साधने घ्यावीत? — एक वाचक, अमरावती

कोणतीही घेऊ नयेत, कारण उतरू नये. बंद कोळसा खाणीतील हवेतला प्राणवायू जुन्या कोळशात आणि कुजणाऱ्या लाकडात खर्ची पडतो. अशी हवा दिसत नाही, तिला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत तिचा अंदाज येत नाही. काही ठिकाणी मिथेन साचतो. फळ्या टाकून वर माती लोटलेली उभी विहीर पायाखाली आहे हे कळण्यापूर्वीच फळी मोडते. शिवाय परवानगीवाचून आत जाणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये जुन्या खाणींत उतरणारे गट आहेत हे खरे, पण ते मुख्यतः धातूंच्या, कठीण खडकातल्या खाणींत, जागेच्या मालकाची परवानगी घेऊन आणि दोरखंडाचे वर्षानुवर्षांचे शिक्षण घेऊन उतरतात. कोळशाच्या खाणींशी त्याची तुलना होत नाही.

आपल्याकडे चांगला कॅमेरा असेल तर जमिनीवरचे चित्रीकरण करावे. हॉलेजघर (दोराने डबे ओढणाऱ्या यंत्राची खोली), दिवाघर, हजेरीची खिडकी, कोळसा साठवण्याचा बंकर, कॅन्टीन, कामगारांच्या चाळी हे सारे भंगारवाले आणि पावसाळे मिळून झपाट्याने संपवत आहेत. प्रत्येक चित्राची जागा व तारीख नोंदवली तर तेवढेही पुष्कळ आहे.

वरोरा म्हटले की लोकांना आनंदवन आठवते, ते योग्यच आहे. परंतु येथे एके काळी सरकारी कोळसा खाण होती हे गावातल्या तरुणांना ठाऊक नाही. मी निवृत्त शिक्षक आहे आणि त्या खाणीचा इतिहास लिहू इच्छितो. तिच्यात काम केलेला एकही माणूस हयात असणे शक्य नाही. सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, वरोरा

आपण जी अडचण म्हणून मांडली आहे तिच्यातच एक सोयही आहे. वरोऱ्याची खाण सरकारी होती, आणि सरकार कितीही निष्काळजी असले तरी खर्चाचा हिशेब ठेवते. खासगी कंपन्या बुडाल्या की त्यांचे दप्तरही त्यांच्याबरोबर जाते. सरकारी खाणीचे वार्षिक अहवाल, पत्रव्यवहार आणि खर्चाची मंजुरी कोठे ना कोठे नोंदलेली राहते.

पहिला आधार भूविज्ञानाचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने वर्धा खोऱ्यातील कोळशाविषयी टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा विस्तृत ग्रंथ 1877 साली प्रसिद्ध केला. थरांची जाडी, विंधन विहिरींची खोली, कोळशाची प्रत यांविषयीचा तत्कालीन समज त्यातून कळतो. दुसरा आधार मध्य प्रांताच्या जिल्हा गॅझेटियरांचा. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याचे गॅझेटियर वरोऱ्याची खाण 1906 साली बंद झाल्यानंतर थोड्याच वर्षांनी निघाले, त्यामुळे खाण चालू असताना पाहिलेल्या माणसांच्या माहितीवर ते उभे आहे. तिसरा आधार रेल्वेचा. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत आलेला फाटा सरकारने कोळशासाठीच टाकला होता आणि त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. खाणीविषयी रेल्वेच्या अहवालांत जे सापडते ते कधी कधी खाणीच्या अहवालांतही नसते, कारण कोळसा वेळेवर आला नाही तर तक्रार रेल्वेच करीत असे. नागपूरच्या पुराभिलेखागारात मध्य प्रांताची कागदपत्रे मागताना ‘खाण’ या सदराबरोबरच ‘रेल्वे’, ‘सार्वजनिक बांधकाम’ आणि ‘महसूल’ ही सदरेही पाहावीत.

गावातही शोध घेता येईल. जुन्या सिटी सर्व्हेच्या नोंदींत आणि गावनकाशांवर खाणीची जमीन, सायडिंग, साहेबांचे बंगले ही नावे राहून जातात. एखाद्या वस्तीला किंवा तळ्याला लोक अजून कोणत्या नावाने हाक मारतात याची यादी गावातील सत्तरीपुढच्या माणसांकडून करून घ्यावी. त्यांनी खाण पाहिली नसली तरी ती पाहिलेल्या माणसांच्या मांडीवर ते बसलेले आहेत. ख्रिस्ती दफनभूमी असेल तर तेथील शिलालेख वाचावेत, कारण खाणीवरचे युरोपीय कर्मचारी व त्यांची लहान मुले यांच्या मृत्यूच्या तारखा तेथे मिळू शकतात. मजुरांच्या मृत्यूच्या तारखा मात्र दगडावर मिळणार नाहीत. त्या मिळाल्याच तर खाण-निरीक्षकांच्या अहवालांत, बहुधा नावांवाचून केवळ संख्येने मिळतील. लिहिताना त्या जागा रिकाम्या आहेत असेच लिहावे. कल्पनेने भरू नयेत.

आमच्या महाविद्यालयातील मराठी व इतिहास विभाग मिळून निवृत्त खाण कामगारांच्या मुलाखती घेणार आहेत. विद्यार्थ्यांनी दहा मुलाखती घेतल्या, पण सर्वांत “काम फार कष्टाचे होते, दिवस चांगले होते” एवढेच आले. आमचे काय चुकते आहे? — एक प्राध्यापिका, चंद्रपूर

आपला प्रश्न मोठा असतो, म्हणून उत्तरही मोघम येते. “तुमचा अनुभव सांगा” असे विचारले की माणूस भाषण करतो. त्याऐवजी पहिल्या पाळीला घरून किती वाजता निघत, डब्यात काय असे, दिवा कोणत्या खिडकीतून मिळे, बिल्ला कोण घेई, इन्क्लाइनने (खाणीत जाणाऱ्या उतरत्या वाटेने) उतरताना कितव्या गल्लीशी हवा बदललेली जाणवे, असे एका दिवसाच्या क्रमाने विचारावे. एखादी वस्तू हाती दिली तर आठवण आपोआप चालू लागते. जुना कॅप लॅम्प, बूट, पगाराची चिठ्ठी किंवा खाणीचा नुसता नकाशा समोर ठेवला तरी वृद्ध कामगाराचे बोट आपल्या जागेकडे वळते. काळ निश्चित करण्यासाठी साल विचारू नये, कारण साल बहुधा चुकते, “खासगी मालकाच्या वेळी की राष्ट्रीयीकरणानंतर?” असे विचारावे. बिगर-कोकिंग (पोलादासाठी कोक करता न येणाऱ्या) कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण 1973 साली झाले आणि त्या पिढीच्या आठवणी त्या वर्षाने दुभागलेल्या आहेत.

शब्द जसे येतील तसे लिहून घ्यावेत. मायनिंग सरदार, ओव्हरमन, शॉटफायरर, टब, हॉलेज, गोफ हे शब्द प्रमाण मराठीत बसवण्याच्या नादात ‘पर्यवेक्षक’ आणि ‘रिकामी पोकळी’ झाले की मुलाखत निर्जीव होते. एकाच गोष्टीला प्रत्येक पट्ट्यात वेगळा शब्द असतो. झरिया-राणीगंजकडे उभ्या विहिरीला ‘चानक’ म्हणतात, आपल्याकडे बदलीवर आलेल्या माणसाच्या तोंडी तोच शब्द राहिलेला सापडला तर त्या एका शब्दावरून त्याचा प्रवास कळतो. चंद्रपूरच्या कॉलऱ्यांत (कोळसा खाणींत) तेलुगू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, छत्तीसगढी बोलणारीही आहेत. त्यांच्या मुलाखती मराठीत घेण्याचा आग्रह धरू नये. विभागात तेलुगू जाणणारा विद्यार्थी नक्की असेल. हे काम त्याच्याकडे द्यावे.

आपल्या दहा मुलाखतींत एकही स्त्री नाही, हे पत्रासोबतच्या यादीवरून दिसते. भूमिगत कामांतून स्त्रियांना टप्प्याटप्प्याने दूर करण्याचे नियम 1929 साली आले आणि 1939 पर्यंत ही बंदी पूर्ण झाली. महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच 1943 मध्ये ती उठवली, आणि 1946 मध्ये पुन्हा लादली. म्हणजे सरकारला जेव्हा कोळसा हवा होता तेव्हा बायकांच्या तब्येतीची काळजी तीन वर्षांपुरती थांबली. त्या पिढीतील फारच थोड्या जणी आता भेटतील, पण त्यांच्या मुली-सुना भेटतील. नागपूर-भंडाऱ्याच्या मॅंगनीज खाणींत दगड फोडून निवडण्याचे, टोपल्या वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनीच केले. ते कागदावर अनेकदा नवऱ्याच्या जोडीचे काम म्हणून चढले. त्यांना विचारताना घरातील पुरुष शेजारी बसलेला नसावा, एवढी व्यवस्था करावी.

मुलाखतीपूर्वी लेखी किंवा ध्वनिमुद्रित संमती घ्यावी, एक प्रत त्या कुटुंबाला द्यावी, आणि सिलिकोसिस (खाणीच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग), अपघात किंवा संपातील मारहाण यांविषयी कोणी बोलायचे थांबवले तर पुन्हा टोकू नये.

मी बंगळुरूत राहतो. कोलार गोल्ड फील्ड्सच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. त्यांच्यावर चित्रपट आले, पर्यटनाच्या योजनांची चर्चा होते. मराठी माणसाने त्यात लक्ष घालावे असे काही आहे का, आणि स्वयंसेवकांनी तेथे नेमके काय जपावे? — एक वाचक, बंगळुरू

मराठी संबंध आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या खाणींत जमिनीखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर यंत्रे बसवली होती, कारण वरच्या खडकाच्या जाडीमुळे इतर विश्वकिरण गाळले जात. जपानमधील ओसाका व इंग्लंडमधील डरहॅम येथील शास्त्रज्ञांसह त्यांनी 1965 साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, नोंद केली. जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक. पुढे 1980 च्या दशकात प्रोटॉनचा क्षय शोधण्याचा प्रयोगही तेथेच झाला. यंत्रे खाली नेणारे, तारा ओढणारे, पंप चालू ठेवणारे खाण कामगारच होते, आणि त्यांच्या बाजूची हकिकत आमच्या वाचनात फारशी आलेली नाही. मुंबई-पुण्यात त्या प्रयोगांशी संबंधित असलेले निवृत्त तंत्रज्ञ असतील. आपल्यासारख्याने दोन्हीकडच्या माणसांची गाठ घालून द्यावी; ते काम दुसरे कोणी करणार नाही.

इतर बाबतींत कोलारचा तपशील बहुतेकांना ठाऊक असतो. जॉन टेलर अँड सन्स या इंग्लंडच्या कंपनीने 1880 च्या सुमारास काम हाती घेतले. कॉर्नवॉलमधून आलेले अनुभवी खाणकामगार वरच्या जागांवर होते आणि खालचे कष्ट प्रामुख्याने तमिळ व तेलुगू भाषक मजुरांनी उपसले. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरील विजेची तार 1902 मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर ओढून या खाणींपर्यंत आणण्यात आली. त्यांपैकी चॅम्पियन रीफ या खाणीची खोली तीन किलोमीटरांच्या पलीकडे गेली आणि बंद होईपर्यंत या पट्ट्यातून आठशे टनांहून अधिक सोने निघाले. गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्लब आणि बंगले पाहून पर्यटक ‘छोटे इंग्लंड’ म्हणतात, आणि जपणूक म्हटली की पहिला हात त्या बंगल्यांकडेच जातो.

स्वयंसेवकांनी उलट्या टोकाने सुरुवात करावी असे आम्ही सुचवू. कामगारांच्या वस्त्या, ज्यांना तेथे ‘लाइन्स’ म्हणतात, त्यांच्या एकेका घराचे मोजमाप घ्यावे. प्रत्येक लाइनीतील देऊळ, चर्च, वाचनालय, फुटबॉलचे मैदान यांची नोंद करावी. खडकावरचा प्रचंड दाब एकाएकी सुटून होणाऱ्या स्फोटांना तेथे ‘रॉक बर्स्ट’ म्हणतात. खाली तसा हादरा बसला की वरच्या घरांतली भांडी वाजत आणि बायका दारात येऊन उभ्या राहत, असे सांगणारी माणसे अजून आहेत. कोणत्या वर्षी, कोणत्या शाफ्टला (खाणीच्या उभ्या विहिरीला), कोणाच्या घरचा माणूस त्यात गेला याची यादी डरहॅम मायनिंग म्युझियमच्या धर्तीवर करता येईल. युनियनची जुनी दप्तरे आणि दफनभूम्यांच्या नोंदवह्या त्यासाठी उपयोगी पडतील. सायनाइड वापरून सोने काढल्यानंतर उरलेल्या राखाडी टेकड्याही या इतिहासाचाच भाग आहेत. वाऱ्याच्या दिवसांत त्यांची धूळ कोणत्या वस्त्यांवर जाते हे तेथील लोकांना विचारून नकाशावर दाखवावे.

पहिल्या भेटीला कॅमेरा घेऊन जाऊ नये. एखाद्या निवृत्त कामगाराच्या घरी तमिळ जाणणाऱ्या मित्रासह जावे, त्यांच्या पेटीत काय काय आहे ते त्यांनी दाखवले तर पाहावे, आणि पगाराच्या चिठ्ठीवरचा टोकन क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. यादीची पहिली ओळ त्या क्रमांकाने सुरू करता येईल.